तेव्हाच्या बायका

पेणला खोली बघायला गेले तेव्हा दार एका इंग्रज मड्डमने उघडलं. घोट्यापर्यंत झगा, कमरेखाली त्याला टोपलीएवढा घेर, डोक्यावर पिसं खोचलेली टोपी, दोन्ही गालांवर गुलाबी रंगाचे गोल आणि हातात अर्धवट सोललेली कोलंबी.

"खोलीसाठी आलीस काय गो?" मड्डमने विचारलं.

मी हो म्हटलं.

"नऊवारी नेसता येते?"

मी नाही म्हटलं. खोली भाड्याने घ्यायला नऊवारी कशाला लागते, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण समोरची बाई ज्या थाटात उभी होती त्यावरून प्रश्न विचारायचा हक्क तिचाच दिसत होता.

"शिकशील," असं म्हणून तिने मला आत घेतलं.

मी तेव्हा डोलवीला कंपनीत एका कंत्राटदाराच्या ऑफिसात लागले होते. कोलाडहून रोज जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला आला होता. पेणमधल्या बाकीच्या घरमालकांनी माझ्या वडिलांचं हॉटेल कसं चालतं, आमच्यात मासे खातात का आणि लग्नाचं काय ठरवलंय, एवढी चौकशी करून 'कळवतो' म्हणून सांगितलं होतं. त्या मानाने नऊवारीचा प्रश्न मला फारच सभ्य वाटला. मी राहिले, आणि बरीच वर्षं राहिले. नऊवारी मात्र अजून येत नाही.

घरमालकीणबाईंना सगळी आळी काकू म्हणायची, म्हणून मीही काकू म्हणायला लागले. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांचं दुकान होतं. शाळांची गॅदरिंगं, मंडळांचे देखावे, पाडव्याच्या मिरवणुका, मंगळागौरी, या सगळ्यांना लागणारे जुन्या काळच्या बायकांचे पोशाख त्या भाड्याने द्यायच्या. फक्त बायकांचे. मावळ्याचे कपडे मागायला कोणी आलं तर "पुरुषांचं काय, मिशी चिकटवली की झाला इतिहास" असं म्हणून त्याला पिटाळून लावायच्या. राणी, सरदारीण, पेशवाईतली घरंदाज बाई, फुग्यांच्या बाह्यांचं पोलकं घालून शाळेत शिकवायला निघालेली मास्तरीण आणि ही मड्डम, असा सगळा जनानखाना दुकानात हँगरला लटकलेला असायचा. मड्डमच्या झग्याचं कापड म्हणजे एका लग्नाच्या हॉलचे जुने पडदे होते, आणि आतला घेर वायरिंगच्या काळ्या पाइपाचा होता. खाली बसलं की तो पाइप पुढून वर उसळायचा. काकू त्याच्यावर ताटली ठेवून कोलंबी सोलायच्या.

असलं दुकान गावोगावी असतं. काकूंचं वेगळेपण असं की जो पोशाख भाड्याने गेलेला नसेल तो त्या स्वतः घालून बसायच्या. "कपडा नुसता टांगून ठेवला की मरतो," हे त्यांचं शास्त्र. आणि नुसता घालून बसल्या असत्या तरी आम्ही काही म्हटलं नसतं. अंगावर जे असेल तशा त्या वागायला लागायच्या. पेशवाईतली बाई असली की पाट मांडून बसायच्या आणि माझ्याकडे चहा मागतानाही "चहा आणावा" म्हणायच्या. मास्तरीण असली की कचऱ्याच्या गाडीवाल्याला ओला कचरा कोणता, सुका कोणता हे उभं करून विचारायच्या आणि चुकला की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायच्या. आम्ही वरचे भाडेकरू सकाळी कामाला जाताना दुकानात डोकावून कोणता हँगर रिकामा आहे ते बघून घ्यायचो. राणीचा रिकामा असेल तर गळक्या छपराचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. मड्डमचा रिकामा असेल तर काढायला हरकत नाही, कारण मड्डमला मराठी फारसं कळत नसे. दार उघडताना ती माझ्याशी मराठीत बोलली ते केवळ कोलंबीमुळे घाईत होती म्हणून, असा खुलासा काकूंनी मला नंतर केला होता.

राणीला मी पाणी खात्याच्या ऑफिसात जाताना पाहिलेलं आहे. आळीला कितीतरी दिवस पाणी आलं नव्हतं. निवेदनं देऊन झाली होती, नगरसेवकाला फोन करून झाले होते. काकू एका सकाळी फेटा बांधून, पाठीला बाहुलं बांधून, कमरेला पत्र्याची तलवार लावून निघाल्या. मागे आळीतल्या बायका कळश्या घेऊन निघाल्या आणि त्यांच्या मागे मी, कारण मला त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती आणि असला तमाशा फुकट बघायला मिळत होता.

"काय काकू, शाळेचा कार्यक्रम हाय काय?" साहेबाने हसत विचारलं.

काकूंनी तलवार काढून त्याच्या फायलींवर आडवी ठेवली. "पाणी कधी सोडताय?"

"अहो, व्हॉल्व्हचं काम चालू हाय..."

"व्हॉल्व्ह मला नका सांगू. माझ्या पाठीला पोर हाय आणि पोर तहानलंय."

पाठीवरचं बाहुलं प्लास्टिकचं होतं आणि त्याचा एक डोळा कायमचा मिटलेला होता. तरी साहेब त्या बाहुल्याकडे बघून वरमला. संध्याकाळी पाणी आलं. आळीने त्याचं श्रेय नगरसेवकाला दिलं आणि त्याचा फ्लेक्सही लावला.

याच काकू घरच्या साध्या पातळात असल्या की ओळखू येत नसत. गॅदरिंगच्या दिवसांत सगळे पोशाख बाहेर असायचे. तेव्हा त्या अंगावरच्या विटक्या पातळात बाजारात गेल्या की भाजीवाली त्यांच्या पिशवीत सडके टोमॅटो टाकायची आणि त्या गुपचूप घेऊन यायच्या. मी विचारलं, "काकू, बोलला का नाहीत?" तर म्हणाल्या, "कोण म्हणून बोलू गो?"

मला हे तेव्हा विनोदी वाटलं होतं.

चेहऱ्याचं प्रकरण आणखी निराळं. पेणमध्ये घराला कुठून तरी गणपतीचा कारखाना चिकटलेला असतोच, तसा काकूंच्या मागच्या भिंतीला होता. तिथे मूर्तींचे डोळे आखणारा एक कारागीर होता. त्याच्याकडून त्या बारीक ब्रश, सफेदा, रंगाच्या वाट्या असलं सगळं उचलून आणायच्या. त्यामुळे त्यांच्या भुवया गौरीच्या असायच्या, ओठ गौरीचे असायचे आणि मे महिन्यात दुपारी सगळी गौर हनुवटीवरून खाली ओघळायला लागायची. एकदा मुंबईहून मूर्ती बुक करायला आलेलं एक कुटुंब चुकून दुकानात शिरलं. काकू पेशवाई शालूत, नाकात नथ घालून, रंग वाळेपर्यंत हलायचं नाही म्हणून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्या कुटुंबातली सून नवऱ्याला म्हणाली, "ही उभी मिळेल का विचार ना." काकूंनी पापणीसुद्धा हलवली नाही. ती माणसं गेल्यावर मात्र दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की मला आज मुंबईची गिऱ्हाइकं आली होती.

इतिहासाचं म्हणाल तर काकूंचा आणि इतिहासाचा संबंध दुरूनच होता. सगळा इतिहास त्यांनी दोन शब्दांत कोंबला होता, 'तेव्हाच्या बायका'. तेव्हाच्या म्हणजे कधीच्या, हे त्यांना कोणी विचारायचं नाही. तेव्हाच्या बायका चहात साखर कमी घालत. तेव्हाच्या बायकांचे केस गळत नसत. तेव्हाच्या बायका घोड्यावर बसून स्वयंपाक करत. शेवटचं मला पटलं नव्हतं, पण त्या दिवशी राणीचा हँगर रिकामा होता. पाडव्याच्या मिरवणुकीत बुलेट चालवणाऱ्या पोरी शिवलेली नऊवारी चढवून वर गॉगल लावून आल्या, तेव्हा मला वाटलं आता काकू संतापणार. त्या म्हणाल्या, "लावू दे. तेव्हाच्या बायकांना मिळाला असता तर त्यांनी पण लावला असता."

काकूंचे यजमान वारले तेव्हा आळीतल्या बायकांना वाटलं होतं की आता तरी हे थांबेल. ही मी यायच्या आधीची गोष्ट. महिना उलटला आणि काकू पेशवाईतल्या बाईच्या वेशात, नथ, हिरव्या बांगड्या आणि ठसठशीत कुंकू लावून दुकानात बसल्या. समोरच्या वहिनी विचारायला आल्या. काकू म्हणाल्या, "हे कुंकू तिचं. माझं कुठाय?" वहिनी आल्या पावली परत गेल्या. पण त्या वर्षीपासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आळीने काकूंना बोलावणं बंद केलं. नथी न्यायला मात्र सगळ्या त्यांच्याकडेच यायच्या. या आळीची मला मनापासून चीड यायची, ती अजून येते.

काकूंना एक मुलगा. त्याला मी मनातल्या मनात चिरंजीव म्हणायचे. डोलवीच्याच कंपनीत होता, पण कायम नोकरीत, त्यामुळे कंत्राटदाराच्या ऑफिसातल्या माझ्याशी तो गेटच्या आत ओळख दाखवत नसे. गळ्यातलं ओळखपत्र रविवारीही काढायचा नाही. स्वतःच्या आईची त्याला इतकी लाज वाटायची की मित्रांना घरचा पत्ता देताना तो 'ड्रेसवालीच्या दुकानाशेजारी' असा द्यायचा.

चिरंजीवांचं लग्न रोह्याच्या एका मुलीशी ठरत आलं होतं. मुलगी बघायला हे मामांना घेऊन गेले. काकू त्या दिवशी आजारी आहेत असं चिरंजीवांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि काकू धडधाकट मड्डमच्या वेशात दुकानात बसून होत्या. मुलगी पसंत पडली, मुलीलाही हा पसंत पडला. अडलं होतं ते मुलीच्या आजीपाशी. त्या घरात आजीच्या शब्दाबाहेर कोणी जात नव्हतं. आजीचं माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरावरचं, आणि पेण शहरातल्या माणसांवर तिचा जुना राग होता. तिने मुलाकडचं घर बघायचं म्हणून सांगितलं. लग्न होणार की मोडणार, ते त्या एका भेटीवर येऊन ठेपलं.

चिरंजीव आठवडाभर आधीपासून आईच्या मागे लागले. दुकानाचं शटर बंद राहील. तोंडाला रंग लागणार नाही. इतिहास निघणार नाही.

"एक दिवस फक्त आई म्हणून बस," तो म्हणाला.

काकू मनापासून विचारात पडल्या. "आई म्हणून म्हणजे काय नेसू?"

शेवटी मोतिया रंगाची साडी चिरंजीवांनी स्वतः आणली आणि ती नेसवून काकूंना बसवायची जबाबदारी माझ्यावर टाकली. गेटच्या आत ओळख न दाखवणारा माणूस मला ताई म्हणाला.

नेमकं आदल्या दिवशी घोटाळा झाला. एका कॉलेजला गॅदरिंगसाठी मिठागरावरची जुन्या काळची बाई हवी होती. काकूंनी पोशाख तयार केला आणि सवयीप्रमाणे आधी स्वतः घालून बघितला. त्या बाईच्या हनुवटीवर गोंदण हवं म्हणून त्यांनी तीन हिरवे ठिपके काढले. पेन्सिलीचे काढले ते घामाने गेले, म्हणून मागच्या कारखान्यातून रंग आणून काढले. मी कामावरून आले तेव्हा त्या आरशासमोर खूश होऊन बसल्या होत्या.

"बघ गो. तेव्हाच्या बायका हसत हसत गोंदून घ्यायच्या."

"काकू, उद्या रोह्याची माणसं यायचीत."

"मग? धुतलं की जातंय."

धुतलं, पण गेलं नाही. खोबरेल तेल झालं, बेसन झालं, चिरंजीवांचं शेव्हिंग क्रीम झालं. मी मागे कारखान्यात पळाले. डोळे आखणारा कारागीर हातातला ब्रश खाली न ठेवता म्हणाला, "कुठला? तो मोठ्या डब्यातला? तो विसर्जनालाच सुटंल." त्याने थिनर दिला. थिनरने काकूंची हनुवटी टोमॅटोसारखी लाल झाली आणि त्या लाल भागावर हिरवे ठिपके आणखीच उठून दिसायला लागले. चिरंजीव घरी आले, त्यांनी बघितलं आणि मटकन जिन्यात बसले. ओरडलेसुद्धा नाहीत. नुसतं म्हणाले, "एक दिवस मागितला होता ना तुझ्याकडे." काकूंनी हनुवटी पदराने झाकून घेतली. मला हसू येत होतं ते तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी, तिचे आईवडील आणि आजी आले. काकू मोतिया साडीत खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या आणि मी शिकवल्याप्रमाणे त्यांनी हनुवटी तळहातात धरून ठेवली होती. राणी नाही, मास्तरीण नाही, पाटावरची बाई नाही. त्या नुसत्या मान हलवत होत्या. चिरंजीव त्यांच्या वतीने बोलत होते. आईला देवधर्माची आवड आहे. आईला घराबाहेर पडायची सवय नाही. आई मितभाषी आहे. आळीत हे कोणी ऐकलं असतं तर पोट धरून लोळला असता.

"दाढ दुखते काय विहीणबाईंची?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

काकूंनी मान हलवली.

"लवंग धरायची. लवंगेसारखं औषध नाय." मग ते लवंगेवर बोलत राहिले. मी पोह्याचे पापड तळून आणले, तेही संपले. आजी नुसती घर न्याहाळत होती. नऊवारी पातळ, काठीवर दोन्ही हात, आणि हनुवटीवर काळपट हिरवं गोंदण. ते बघून मी काकूंना हनुवटी घट्ट धरून ठेवायची खूण केली होती.

शेवटी ती म्हणाली, "पेनची मानसां आमच्याकरनं मीठ घ्यायची नि आमाला ओटीवर बसवायची. आज आत बसवलां ते पोरीसाठी. मना नाय वाटत पोर हितं सुखी र्‍हाईल."

चिरंजीवांचा चेहरा उतरला. मी घाईघाईने चहा पुढे केला. काकूंनी सवयीने दोन्ही हातांनी कपबशी घेतली आणि तळहात हनुवटीवरून निघाला.

आजी पुढे वाकली. "तू गोंदलंस गो?"

आजी उठली, काठी टेकत काकूंपाशी आली, त्यांची हनुवटी वर करून बघितली आणि तिचा सगळा चेहरा पालटला. "पेनची बाय नि गोंदन! माज्यासारकांच. कवा गोंदलंस?"

आणि इथे आमचे चिरंजीव, ज्यांना खोट्या नथी आणि खोट्या बुगड्या बघून शिसारी यायची, ते पटकन म्हणाले, "लहानपणीच. आईचं लहानपणीचंच आहे ते."

आजी खुशीत आपल्या मुलाला म्हणाली, "बघ रं. ही आपली हाय." म्हणजे होकार आलाच होता. काकूंनी नुसती मान हलवायची होती, जी त्या सकाळपासून हलवतच होत्या. तेव्हाच्या बायका घोड्यावर स्वयंपाक करायच्या असं छातीठोक सांगणाऱ्या बाईला एक लहानपण रचायला कितीसा वेळ लागणार?

काकूंनी कपबशी खाली ठेवली. "नाय आजी. रंग हाय तो. गणपतीचा."

मी त्या क्षणी त्यांच्यावर चिडले. आजन्म थापा मारल्या आणि नेमकं आज खरं बोलायचं सुचलं! पुढे माझ्या लक्षात आलं की त्या थापा राणीच्या असायच्या, मास्तरणीच्या असायच्या. स्वतःच्या कपड्यात खोटं बोलायची काकूंना सवयच नव्हती.

आजीने चहात अंगठा बुडवला आणि काकूंच्या हनुवटीवर घासला. रात्रभर तेल आणि थिनर खाऊन मऊ झालेला रंग थोडासा सुटला. आजीने अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"मंग केलंस कशाला?"

"हौस," काकू म्हणाल्या. अगदी खालच्या आवाजात.

चिरंजीवांनी डोळे मिटून घेतले.

"हौस," आजी म्हणाली. मग खुर्ची ओढून काकूंच्या शेजारीच बसली. "मना चौघी बायांनी धरलां व्हतां. एक पायावर बसलेली. मी बोंबलतंय, कोन ऐकतंय? मना काय पायजे ते कुनी इचारलांच नाय." थोडा वेळ ती अंगठ्यावरचा हिरवा रंग पदराला पुसत राहिली. "आनखी काय काय हाय तुज्याकरं?"

शटर उघडावंच लागलं. आजी हँगरमधून फिरायला लागली. मिठागरावरच्या बाईचा पोशाख अगदी पुढे होता. काकूंनी तो मोठ्या आशेने दाखवला. "ती नको," आजी म्हणाली. "ती मी जलमभर नेसली. ती मड्डम दाव."

आजीच्या लहानपणी मिठागराच्या बांधावरून एक गोरी बाई छत्री घेऊन जायची म्हणे. डोक्यावर मीठ घेतलेल्या पोरी बांधाखाली चिखलात उतरून तिला वाट द्यायच्या. आजीने तिचा झगा तेवढाच डोळे भरून बघितला होता. आता काकूंनी तो झगा तिच्या नऊवारीवरूनच चढवला, पाइप नीट बसवला, पिसांची टोपी घातली आणि गालावर दोन गुलाबी गोल काढले. त्या क्षणापासून काकूंना कंठ फुटला. "मान वर ठेवायची आजी, तेव्हाच्या बायका मान खाली घालत नव्हत्या," वगैरे सगळं सुरू झालं. आजीने काठी छत्रीसारखी धरली. पाइप पुढून वर उसळला आणि ती इतकी हसली की तिला धरावं लागलं. मुलीने मोबाइलवर फोटो काढला. मुलीचे वडील लवंग विसरले.

जाताना आजीने चिरंजीवांना सांगितलं, "पोर दिली. लग्नाला मी ही टोपी घालून येनार. तुज्या आयशीला इचार कवरे पैसे घेल." काकूंनी पैसे घेणार नाही म्हटलं. चिरंजीव 'टोपीचं बघू नंतर' असं काहीतरी पुटपुटले.

टोपीची वेळ आली नाही. लग्नाच्या थोडंसं आधी आजी झोपेत गेली. लग्न लांबवायचं नाही असं रोहेकरांनी ठरवलं.

चिरंजीवांनी आईला पुन्हा एक साडी आणून दिली. पेणमध्ये मात्र पैजा लागल्या होत्या की काकू मुलाच्या लग्नाला काय घालून जाणार. राणीला जास्त मतं होती. वऱ्हाडाच्या बसमध्ये काकू चढल्या त्या साध्या रेशमी साडीत. तोंडाला स्कूटरवरच्या पोरी बांधतात तसा स्कार्फ गुंडाळलेला. "कानाला वारं लागतंय," म्हणाल्या. आळीची घोर निराशा झाली आणि नागोठण्यापर्यंत बसमध्ये सगळे त्यावरच बोलत होते.

रोह्याला हॉलच्या दारात एका खुर्चीवर आजीची तसबीर ठेवली होती. आजीचा धड असा एकच फोटो घरात निघाला. त्यामुळे चंदनाच्या हाराखाली पिसांची टोपी, दोन गुलाबी गोल, पडद्याचा झगा आणि हसताना ताणलेलं हनुवटीवरचं गोंदण, असा तो फोटो होता. येणारा प्रत्येक पाहुणा हात जोडायला वाकायचा आणि मध्येच थांबायचा. काही जणांनी मुलीच्या वडिलांना विचारलंही की ह्या कोण. ते सांगत होते, "आमची आई."

काकू तिथे आल्या. वाकून नमस्कार केला आणि तोंडावरचा स्कार्फ काढला. हनुवटी सुजलेली, कडेने खपली धरलेली, आणि मधे तीन हिरवे ठिपके. मला वाटलं, पुन्हा कारखान्यातला रंग. मी बोटाने पुसायला गेले तर त्यांनी कळवळून माझा हात धरला.

"खरं हाय गो," म्हणाल्या. "स्टँडजवळच्या टॅटूवाल्याकडून केलं. तो म्हणत होता, काकू, वाघ काढू का? नायतर 'आई' लिहितो, नवीन डिझाइन हाय. म्हटलं, तीन ठिपके काढ आणि गप बस."

मागे चिरंजीव मुंडावळ्या सांभाळत उभे होते. त्यांनी आईकडे बघितलं, मग तसबिरीकडे बघितलं. मी उगीच विचारलं, "दुखलं का?"

काकू तसबिरीकडेच बघत होत्या. "लई दुखलं. मी त्याच्या दुकानात बोंबलले, बाहेर माणसं गोळा झाली." मग सुजलेल्या हनुवटीला हात न लावता त्यांनी डोळे पुसले. "आणि मी मेली इतकी वर्षं शाळेतल्या पोरींना सांगत बसले, तेव्हाच्या बायका हसत हसत गोंदून घ्यायच्या म्हणून."